आधी घरी सांगता यावं

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आणि शेजारच्या ब्राह्मणपारा, बुढापारा भागातल्या आयांनो, बाबांनो,

आपण गणपतीत भेटतो, हळदीकुंकवाला भेटतो, आणि बोलणं बहुतेक मुलांवरच येतं. कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणाची मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली, भिलाईच्या कोचिंगची फी किती वाढली. मुलं खातात काय, झोपतात कधी, खोलीत सोबत कोण आहे, हे सगळं आपण विचारतो. एक विषय मात्र या गप्पांमध्ये कधी येत नाही, तो म्हणजे शरीरसंबंधातून होणारे आजार. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांत सणवार, भाषा, रीतभात सगळं जपलं गेलं, आणि त्या रीतभातीसोबत हे मौनही जपलं गेलं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, याच पाऱ्यात राहते. या मौनाची किंमत मला तपासणीच्या खोलीत रोज दिसते. म्हणून आज मोकळेपणाने बोलणार आहे. तुम्हीही मोकळ्या मनाने ऐका.

तुमच्या मनात पहिला विचार काय आला असेल, तो मला ठाऊक आहे. ‘आमच्या घरात असलं काही नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की १५ ते ४९ या वयातल्या लोकांमध्ये रोज दहा लाखांहून अधिक जणांना औषधाने पूर्ण बरा होणारा एखादा लैंगिक आजार नव्याने लागतो. २०२० या एका वर्षाचा आकडा ३७ कोटी ४० लाख आहे. गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चारच आजारांची ही बेरीज आहे. त्यातला मोठा वाटा आपल्यासारख्या देशांत आहे, कारण इथे तपासणी कमी होते, उपचार उशिरा मिळतात आणि लाज फार असते. एवढे सगळे लोक कोणाच्या तरी घरातलेच आहेत. जंतू आडनाव विचारून येत नाहीत.

या आजारांची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ते बऱ्याचदा काही जाणवूच देत नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना काहीच त्रास होत नाही. जंतू आतल्या आत वर सरकतात, गर्भनलिकांना सूज येते, नलिका चिकटतात. लग्नाला चार वर्षं झाली, मूल होत नाही, म्हणून सून तपासणीला येते तेव्हा हे कळतं. तोवर तिच्यासाठी उपास झालेले असतात, टोमणे मारून झालेले असतात, आणि नवऱ्याला मात्र कोणी काही विचारलेलं नसतं. गरमीचा प्रकार तर आणखी फसवा. सुरुवातीला एक जखम होते, ती दुखत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. मुलगा सुटकेचा श्वास टाकतो. पुढे अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं, तेही जातं. आजार जात नाही. उपचार झाले नाहीत तर वर्षांनंतर तो हृदयापर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. गरोदर बाईला असला तर पोटातल्या बाळाला लागतो. आणि हाच आजार सुरुवातीला सापडला, तर पेनिसिलिनच्या एका डोसने बरा होतो. आजार इतका मोठा, आणि इलाज इतका सोपा. या दोघांच्या मध्ये उभी असते ती फक्त ‘सांगू कसं’ ही भीती.

ही भीती मुलं कुठे शिकतात? आईकडे बघून शिकतात. आयांनो, याचा राग मानू नका. आपल्या शेजारचीच गोष्ट सांगते. छत्तीसगडच्या सीमेला लागून गडचिरोली जिल्हा आहे. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन छापून आलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक आजार. त्यातला साधारण निम्मा भार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचा होता. आणि याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के. सगळेच आजार शरीरसंबंधातून आलेले नव्हते, हेही नीट सांगायला हवं. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी लैंगिक आजार नसतो. पण अंगावरून जातंय, खाज आहे, ओटीपोट दुखतंय, आणि बाई ते वर्षानुवर्षं सोसते, कारण ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असं तिला तिच्या आईने सांगितलेलं असतं.

हे खेड्यातल्या, शिक्षण न मिळालेल्या बायकांचं झालं, असं म्हणून हात झटकू नका. तात्यापाऱ्यातल्या पदवीधर बायकाही माझ्याकडे येतात त्या ‘कंबर दुखते’ असं सांगत येतात. खरी तक्रार जायला उठल्यावर, दाराशी, उभ्याउभ्या निघते. कधी तीही निघत नाही. घरातली मुलगी हे बघत असते. आई स्वतःच्या शरीराविषयी एक शब्द बोलत नाही, बाबा तर नाहीच. मग त्या मुलीने वीस वर्षांची झाल्यावर अचानक येऊन आपल्याला सगळं सांगावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? म्हणून आयांना माझं सांगणं असं, की मुलीशी बोलायच्या आधी एकदा स्वतःची तपासणी करून घ्या. आणि घरी येऊन ‘मला असा त्रास होता, डॉक्टरांना दाखवला, औषध चालू आहे’ असं मुलीला सहज सांगा. त्या एका वाक्याने पुढची अनेक दारं उघडतात.

बाबांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. मुलगी मोठी झाली की तिचा फोन, तिच्या मैत्रिणी, तिची यायची वेळ, सगळ्यावर आपली नजर असते. मुलाला मात्र आपण मोकळं सोडतो आणि त्याला काही शिकवतही नाही. तो शिकतो मग मोबाईलवरच्या अश्लील चित्रफितींमधून. त्यांत कोणी कोणाची संमती विचारत नाही, कोणी कंडोम वापरत नाही, कोणी आजारी पडत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मित्रांची पार्टी होते, दारू होते, एक पैज लागते, आणि जे व्हायचं ते होतं. आठवड्याभराने लघवीला जळजळ सुरू होते, पू येतो. आता तो जाणार कुठे? रायपूरच्या रेल्वे स्टेशनपासून कुठल्याही गल्लीत जा, भिंतींवर ‘गुप्तरोगी मिलें, शर्तिया इलाज’ असं रंगवलेलं दिसेल. तो तिथे जातो. किंवा मेडिकलवाल्याला हळू आवाजात विचारून दोन गोळ्या घेतो. जळजळ कमी होते, त्याला वाटतं सुटलो. जंतू मात्र अर्धवट औषधाने पक्के होतात. परम्याचे जंतू असेच एकेका औषधाला दाद देईनासे झाले आहेत. आधी पेनिसिलिनला, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनला. आमच्या विद्यार्थिदशेत ज्या गोळीने हा आजार हमखास बरा व्हायचा, ती गोळी आता त्यासाठी लिहून द्यायची सोय राहिलेली नाही. आणि त्याने जिच्याशी संबंध ठेवला, त्या मुलीला तर कोणी काही कळवतही नाही. दोघांनाही उपचार मिळाल्याशिवाय हा आजार संपत नाही, फक्त फिरत राहतो.

तुमच्या मुलाला हे सगळं तुम्ही सांगावं असं मी म्हणते, तेव्हा तुम्ही म्हणाल, ‘सांगितलं तर नको तेच सुचेल.’ हा आक्षेप मी फार ऐकला आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर देते. मुलांना शरीराचं, संमतीचं, आजारांचं शास्त्रशुद्ध शिक्षण दिलं तर ती लवकर संबंध ठेवू लागतात का, याचा अनेक देशांत अभ्यास झाला आहे. युनेस्कोने त्या अभ्यासांचा एकत्र आढावाही घेतला आहे. निष्कर्ष उलटा आहे. अशा शिक्षणाने मुलं लवकर सुरुवात करत नाहीत, बऱ्याच ठिकाणी उशिरा करतात, आणि करतात तेव्हा अधिक सांभाळून करतात. आपल्या देशात शाळांमधून हे शिक्षण द्यायचा प्रयत्न झाला, पण २००७ साली महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशासह काही राज्यांनी तो अभ्यासक्रम नको म्हणून थांबवला. शाळा गप्प, घर गप्प, मग उरतो फक्त मोबाईल.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक साधी पाहणी केली होती: एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही, कसा टाळता येतो, हे लोकांना नीट माहीत आहे का. १५ ते ४९ वयोगटातल्या जेमतेम २२ टक्के बायकांना आणि ३१ टक्के पुरुषांना ते पूर्ण माहीत होतं. इतकी वर्षं जाहिराती झाल्या, रेडिओवर झाल्या, टीव्हीवर झाल्या, आणि ही स्थिती आहे. जाहिरात येते तेव्हा आपण चॅनल बदलतो, हेही त्याचं एक कारण आहे.

मराठी माणसाला हा विषय नवा नाही, आणि हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे ते त्या काळात मराठीत लिहीत होते. नोकरी गेली, समाजाने वाळीत टाकल्यासारखं केलं, पैशांची सदाची ओढाताण, तरी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. वाचक त्यांना पत्रातून प्रश्न विचारत, आणि ते न लाजता, न रागावता उत्तरं देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांचं म्हणणं आजही खरं आहे: लोकांना प्रश्न पडतात, तर त्यांची उत्तरं देणारं कोणी असलं पाहिजे. त्या पत्रांत मुलांनी विचारलेले प्रश्न आणि आज माझ्याकडे येणारी मुलं विचारतात ते प्रश्न फारसे वेगळे नाहीत. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? एकदाच संबंध आला तर आजार होतो का? आपण कोणाच्याही घरात हे प्रश्न विचारू दिले नाहीत, म्हणून ते इतकी वर्षं तसेच राहिले. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आहे, दुसऱ्याचं ‘हो, होऊ शकतो.’ दोन्ही उत्तरं मुलाला वडिलांकडून मिळाली तर भिंतीवरच्या जाहिरातवाल्याचा धंदा बसेल.

आता वेळेविषयी सांगते, कारण या सगळ्यात माझ्या दृष्टीने ते सर्वात महत्त्वाचं आहे. असुरक्षित संबंध झाला, किंवा जबरदस्ती झाली, आणि एचआयव्हीचा धोका वाटला, तर तो टाळणारी औषधं आहेत. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तीन दिवस. तेवढा वेळ निघून गेला की ती संधी गेली. आता तुमच्या मुलीचा विचार करा. तिच्यावर असा प्रसंग आला तर पहिला दिवस ती रडण्यात घालवेल, दुसरा दिवस मैत्रिणीला सांगावं की नाही यात जाईल, तिसऱ्या दिवशी ती आईसमोर बसेल आणि आईने ‘काय गं, चेहरा का उतरलाय’ विचारलं तर ‘काही नाही’ म्हणेल. मुलगा तर तेवढंही करणार नाही. तुमची भीती तिच्या मनात किती आहे, त्यावर ते तीन दिवस कसे जातील हे ठरतं. मुलांना धाकात ठेवणं हे संस्कार आहेत असं मानणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, या एका बाबतीत धाक बाजूला ठेवा. मुलाने चूक केली असेल, त्यावर नंतर बोलता येईल. आधी त्याला दवाखान्यात न्या.

याच संदर्भात एक गैरसमज मोडायचा आहे. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी गर्भ टाळायची गोळी मुलींना चांगली माहीत असते. तिने फक्त गर्भधारणा टळण्याची शक्यता वाढते. एकही आजार टळत नाही. गर्भ राहिला नाही म्हणजे सुटलो, असं समजून कितीतरी मुली पुढची तपासणीच करत नाहीत. गर्भ आणि आजार दोन्हींपासून वाचवणारी साधी गोष्ट कंडोमच आहे. तो शब्द घरात उच्चारायला जीभ अडखळते, मला समजतं. पण सरकारने ‘निरोध’ १९६८ मध्ये बाजारात आणला. अर्धशतकाहून जास्त झालं, आता तरी आपण त्या शब्दाला घाबरायचं थांबवू या. मुलाला ‘वापर’ असं सांगणं म्हणजे परवानगी देणं नाही. हेल्मेट घाल म्हणून सांगताना आपण अपघात कर असं सांगत नाही, तसंच हे आहे.

एचआयव्हीविषयी थोडं. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भारतातले पहिले रुग्ण सापडले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली. त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू झालं. तिथे वेश्यावस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना शिकवलं, कंडोम वाटले, गिऱ्हाइकाला ‘वापरणार नसशील तर जा’ असं सांगायची हिंमत एकमेकींना दिली. ज्यांना आपण दारात उभं करणार नाही, त्या बायकांनी मराठी मुलखातल्या कितीतरी सुशिक्षित घरांना या आजारापासून वाचवलं आहे, हे माझं प्रामाणिक मत आहे. आज देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. रोज नियमित औषध घेतलं आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर त्या माणसाकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. अशा आईला निरोगी बाळही होऊ शकतं. तेव्हा चाचणीला घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, नोकरीवर, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी घातली आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ही चांगली बातमी आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो, आणि पाऊण लाखाहून अधिक जणी त्याने जातात. यातल्या बहुतेक जणी एकाच नवऱ्याशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिलेल्या, देवधर्म करणाऱ्या, तुमच्या-माझ्यासारख्या बायका असतात. हा विषाणू इतका सर्रास आहे, की त्यावरून कोणाचं चारित्र्य जोखणं चुकीचं आहे. याच्यावर लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती ‘सर्व्हाव्हॅक’ नावाने आपल्याच देशात तयार केली. तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ९ ते १४ या वयात, म्हणजे संबंधाचा प्रश्नच नसतो तेव्हा, ती दिली की सर्वात जास्त उपयोग होतो. आपण लेकीच्या पोलिओच्या थेंबांसाठी रांगा लावल्या होत्या, तशीच ही लस समजा. ‘हिला आतापासून कशाला?’ असा प्रश्न काही आज्या विचारतात. आज्जी, आतापासूनच, कारण नंतर उशीर होतो. सरकारी लसीकरणात आपल्या भागात ती कोणाला मिळते, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

आणि ज्यांचं वय लसीच्या पुढे गेलं, त्या आयांसाठी तपासणी आहे. आपल्याच मराठी मुलखाचा दाखला देते. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साथीने एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. २००९ साली त्याचे निकाल आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी केली आणि त्यावरून लगेच उपचार केले, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या धाराशिवच्या बायकांनी स्वतःची तपासणी करून घेतली, आणि त्यामुळे जगाला हे कळलं. तीस वर्षांच्या पुढच्या तात्यापाऱ्यातल्या प्रत्येक बाईने ती चाचणी एकदा तरी करून घ्यावी.

लग्न ठरवतानाही हे विसरू नका. पत्रिका बघता, गोत्र बघता, तर दोघांच्याही रक्ताची तपासणी करून घ्यायला लाजू नका. एचआयव्ही, गरमी, काविळीचा बी प्रकार. दोघांचीही, फक्त मुलीची नाही. आणि निकाल सगळ्या नातेवाइकांत फिरवायचे नाहीत.

आता एक जड गोष्ट. लहान मुलाला, दहा-बारा वर्षांच्या मुलीला जर लैंगिक आजार दिसला, तर तो कोणीतरी मोठ्या माणसाने केलेल्या अत्याचाराचा पुरावा असू शकतो. ते कोणीतरी बहुतेक वेळा घरचं, ओळखीचं, विश्वासातलं असतं. असं झालं तर घराण्याची अब्रू म्हणून दाबू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर झालेल्या अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरांवर आणि माहिती असलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. अशा मुलाला कोणत्याही सरकारी किंवा खाजगी रुग्णालयाने लगेच आणि मोफत उपचार द्यायलाच हवेत. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मुलीला विचारताना ‘तू का गेलीस तिथे’ असा पहिला प्रश्न कधीच विचारू नका.

बोलायचं कसं, असं तुम्ही विचाराल. मोठी सभा घेऊन बोलू नका. सातवी-आठवीतल्या मुलीशी पाळीविषयी बोलता, त्याच वेळी जंतुसंसर्गाविषयी बोला. मुलाशी मिसरूड फुटतं तेव्हा बाबांनी बोलावं, गाडीवरून जाताना, दुकानात बसलेले असताना, नजरेला नजर नसेल तर मुलांना सोपं जातं. शरीराच्या अवयवांची नावं सरळ घ्या. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. मुलं परगावी निघाली की डब्यात लाडू भरताना एवढं नक्की सांगा: ‘कधी काही चूक झाली, काही दुखलं, काही वेगळं दिसलं, तर आधी मला फोन कर. मी रागावणार नाही. आपण दवाखान्यात जाऊ.’ आणि मग खरंच रागावू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

कुठे जायचं, तेही सांगून ठेवते. आपल्या मेकाहाऱ्यात, म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालयात, समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र आहे. चाचणीच्या आधी आणि नंतर तिथले समुपदेशक शांतपणे बोलतात, आणि निकाल बाहेर जात नाही. सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांची औषधं रंगीत पाकिटांमधून मोफत मिळतात, लक्षणांप्रमाणे पाकिटाचा रंग वेगळा. कोर्स अर्धवट सोडायचा नाही आणि जोडीदारालाही औषध द्यायचं. मूल पुण्यात किंवा बंगळुरूत असेल तर तिथल्याही प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात हीच सोय आहे. नाव-गाव न सांगता फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आज रात्री जेवणं झाली की तो तुमच्या मुलाच्या आणि मुलीच्या मोबाईलमध्ये त्यांच्यासमोर बसून साठवून द्या. ‘हा कशाला?’ असं ती विचारतील. तेव्हा बोलायला सुरुवात करा.